कमी बजेटमधला दीड सेकंद नेमका जातो कुठे?

शून्य_टो (धागाकर्ता)

हौशी सर्किट रेसिंगमधला नेहमीचा देखावा: पुढे चार गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटलेल्या, आणि मागे बाकीची वरात, दर लॅपला दीड सेकंदाने आणखी मागे पडणारी. वरातीतला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की पुढच्यांच्या इंजिनात 'काहीतरी' आहे. इंजिनाचा संशय या धाग्यात सगळ्यात शेवटी घेऊ.

चर्चेसाठी एक गाडी धरू. १६०० सीसी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, चालकासह १००० किलो. इंजिनाच्या आत हात लावायचा नाही, टायर सगळ्यांना एकच, स्प्रिंग-शॉक-अलाइनमेंट मोकळं. लॅप ७५ सेकंदांची. हातात पैसा थोडा आहे. तो कुठे घालायचा आणि कुठे अजिबात नाही? 'सराव करा' एवढंच लिहायचं असेल तर लिहू नका, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ठिपक्यांची_रांग

आधी दीड सेकंद शोधा, मग खर्चाचं बोलू. निदान १० हर्ट्झचा जीपीएस लॉगर घ्या. सेकंदाला एकदाच जागा नोंदवणारा फोन चालत नाही, कारण १२० किमी वेगात तो ३३ मीटरला एक ठिपका टाकतो. ॲपेक्स (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) दोन ठिपक्यांच्या मध्ये गडप.

लॉग उघडल्यावर पहिलं काम म्हणजे त्याच सत्रातले स्वतःचे सर्वोत्तम सेक्टर (लॅपचे ठरलेले तुकडे) एकत्र जोडणं. ती जोडलेली लॅप प्रत्यक्षातल्या सर्वोत्तम लॅपपेक्षा एक सेकंदाने वेगवान निघाली, तर गाडीला नावं ठेवायचं कारणच उरत नाही. वेग आहे, फक्त तो एका लॅपमध्ये सलग येत नाहीये. फरक दोन दशांशाच्या आत असेल तरच पाना हातात घ्या.

मग प्रत्येक वळणाचा किमान वेग बघा, आणि थ्रॉटल सुटल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा 'ना इकडे ना तिकडे' वेळ. वेगाच्या आलेखात तो डोंगराच्या सपाट माथ्यासारखा दिसतो. चांगल्या लॅपमध्ये माथा टोकदार असतो.

ग्रिपचं गणित: ६० मीटर त्रिज्येच्या वळणात १ जी (गाडीच्या वजनाइतका बाजूचा जोर) धरला तर वेग ८७ किमी. ग्रिप ५ टक्के वाढली तर ८९.५. शंभर मीटरच्या कमानीत यातून मिळतो जेमतेम दहावा हिस्सा सेकंद. पण पुढे ४०० मीटरचा सरळ पट्टा असेल आणि सरासरी १२० ऐवजी १२२ पडली, तर आणखी दोन दशांश. आता अशी वळणं किती ते मोजा.

गरम_रबर

+१. आणि ती ५ टक्के ग्रिप बहुतेक वेळा टायरच्या हवेतच सापडते.

थंड टायरचा आकडा एकमेकांना विचारून काही उपयोग नाही. २० अंशाला २६ पीएसआय भरली आणि आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३४ च्या वर जातो. हाच २६ चा आकडा सकाळी १५ अंशाला भरून गाडी उभी ठेवली, तर दुपारी ३५ अंशाला न धावताच जवळपास २९ होतो. म्हणून लक्ष्य गरम दाबाचं ठेवायचं. सेमी-स्लिकला (मोजक्याच खाचांच्या रेसिंग टायरला) ३२ ते ३४ पासून सुरुवात करा, पुढचं टायर सांगेल. पिटमध्ये आल्याबरोबर मोजा. पाच मिनिटं गप्पा मारून घेतलेला आकडा कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा.

फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढचे टायर जास्त तापतात, मागचे कमी. म्हणजे गरम लक्ष्य सारखंच असलं तरी मागे सुरुवातीला दोनेक पीएसआय जास्त भरावी लागते. आणि पहिल्या लॅपला मागचे टायर गारठलेलेच असतात. पुढून पकड भरपूर, मागून काहीच नाही, त्यात चालक थ्रॉटल सोडतो. पहिल्याच लॅपला या गाड्या गिरक्या घेतात त्या यामुळे.

टायरचं तापमान सुईच्या पायरोमीटरने (तापमापकाने) घ्यायचं. सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर खुपसून आकडा थांबेपर्यंत धरायची, आतली कड, मध्य, बाहेरची कड. सगळ्यात जास्त मार खाणारा टायर आधी. कूल-डाउन लॅप न घेता थेट पिटमध्ये या, नाहीतर तुम्ही फक्त वारा मोजताय. बाहेरची कड ८८, मध्य ८४, आतली ७९ असं आलं तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकवणं) कमी आहे. आतली कड ५ ते ८ अंश जास्त असेल तर बरोबर. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त, थंड असेल तर कमी.

कुलूपकिल्ली

इन्फ्रारेड बंदुकीने का नाही? क्षणात सगळे टायर होतात.

गरम_रबर

ती फक्त पृष्ठभाग बघते. पृष्ठभाग शेवटच्या वळणात तापतो आणि पिटलेनमध्ये निवतो. शेवटचं वळण उजवं असेल तर डावे टायर उगाचच गरम दिसतील. ब्रेक डिस्कसाठी ठेवा ती बंदूक.

कुलूपकिल्ली

आणि नायट्रोजन? गरम झाल्यावर दाब वाढत नाही म्हणतात.

गरम_रबर

वाढतो, कोरड्या हवेइतकाच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो पाण्याच्या वाफेमुळे. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा, नळीवर ओलावा पकडणारा फिल्टर लावा. नायट्रोजनचे पैसे वाचवून चांगला गेज घ्या, आणि तो एकच गेज वर्षभर वापरा. दोन गेजमध्ये दीड पीएसआयचा फरक सहज असतो.

नव्या टायरबद्दल: पहिली १०-१५ मिनिटं हळूहळू वेग चढवत तापवायचे, मग काढून २४ तास तसेच ठेवायचे. लगेच रेसमध्ये झिजवले तर आयुष्य कमी होतं. किती वेळा तापून थंड झाले ते साइडवॉलवर रंगाच्या पेनने रेघा मारून लिहा. खाच शिल्लक आहे म्हणजे टायर जिवंत आहे असं नाही. रबर कडक होत जातं.

बाहेरची_लाइन

इथे एक भर. पैसे वाचवायला लोक सराव मेलेल्या टायरवर करतात आणि रेसला नवा संच चढवतात. चालकाच्या सरावाला हे ठीक, सेटअपला घातक. मेलेल्या टायरवर पुढून घसरते म्हणून पुढचा अँटीरोल बार (गाडीचा कल रोखणारा दांडा) मऊ केला, आणि नव्या टायरवर तीच गाडी मागून सुटायला लागली, हे ठरलेलं. सेटअपचे निर्णय दोन-तीन रेघांच्या टायरवरच घ्या.

चार_काटे

टायर झाला, आता त्याच्यावर वजन किती पडतं ते. कॉर्नर वेट, म्हणजे प्रत्येक चाकावरचं वजन, हा या क्लासमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. काटे विकत घ्यायची गरज नाही, तीन-चार जणांत एक संच पुरतो.

जमीन सपाट हवी, चार काट्यांत एक-दोन मिलिमीटरच्या वर फरक नको. कमी पडेल तिथे फरशीचे पातळ तुकडे सरकवा. टायरमध्ये गरम लक्ष्याइतकी हवा, टाकीत रेसच्या मध्यावर असेल तेवढं इंधन, सीटवर चालक किंवा त्याच्या वजनाची वाळूची पोती. अँटीरोल बारची एक बाजू सुटी करा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. गाडी काट्यांवर चढवल्यावर चारही कोपरे दाबून सोडा, नाहीतर सस्पेन्शन अडकलेल्या जागीच आकडा देतं.

समजा आलं असं: पुढे डावं ३१२, पुढे उजवं २९८, मागे डावं १८८, मागे उजवं २०२. कर्ण म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं, २९८ + १८८ = ४८६. हजारात ४८.६ टक्के. ही गाडी उजव्या वळणात पुढून घसरेल आणि डाव्यात मागून हलकी वाटेल. चालक येऊन सांगतो, "एका बाजूला छान वळते, दुसरीकडे नाही," आणि तासभर शॉकच्या क्लिक फिरवल्या जातात.

उपाय: पुढचं उजवं आणि मागचं डावं पर्च (स्प्रिंगची फिरवता येणारी बैठक) थोडं वर, उरलेली दोन तेवढीच खाली. चारही कोपऱ्यांना विभागून केलं की उंची बदलत नाही. कर्ण ५० च्या अर्ध्या टक्क्यात आला की थांबा. शेवटी अँटीरोल बारची लिंक जोडताना तिची लांबी अशी ठेवा की बोल्ट बोटाने आत गेला पाहिजे. हातोडीने घालावा लागला तर सगळी मेहनत पाण्यात, कारण बार पीळ खाऊन बसला आणि कर्ण परत बिघडला.

शून्य_टो

आणि अलाइनमेंट? माझ्या आयडीचा मान ठेवून सांगा.

चार_काटे

टो म्हणजे वरून बघताना चाकं पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर वळलेली असणं. पुढे टो शून्य किंवा एकूण एक-दोन मिलिमीटर बाहेर. मॅकफर्सन स्ट्रट (शॉक हाच चाकाचा वरचा आधार) असेल तर कॅम्बर उणे २.५ ते ३.५, कारण गाडी कलली की स्ट्रट कॅम्बर खातो. कॅम्बर आधी, टो नंतर. उलट केलंत तर टो दुसऱ्यांदा करावाच लागेल.

टोसाठी मशीन नको. गाडीच्या दोन्ही बाजूंनी मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा.

मागचं टोक कडक हवं. मागचा बार कडक केला की गाडीचा कल मागे पेलला जातो, आतलं मागचं चाक हवेत उचललं जातं, पण आतल्या पुढच्या चाकावर वजन टिकतं. डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) साधं असेल तर वळणातून बाहेर पडताना तेच चाक भिरभिरत असतं, म्हणून हा फायदा मोठा. मागच्या चाकांना थोडा टो-आउट दिला तर गाडी संथ वळणात चटकन फिरते. मात्र वेगवान वळणात चालकाच्या तोंडचं पाणी पळतं. सर्किटवर चौथ्या गिअरची वळणं असतील तर या फंदात पडू नका.

लाल_डिस्क

सगळे वेग वाढवायचं बोलताय. १००० किलोची गाडी १५० वरून ८० वर आणायला सुमारे ६२० किलोज्यूल उष्णता कुठेतरी जायला हवी. ७० टक्के पुढे धरा, म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कला २१७. डिस्क ५ किलोची असेल तर एकाच ब्रेकिंगला ती ९५ अंशांनी तापते. ७५ सेकंदांत असे चार ब्रेकिंग, आणि मध्ये निवायला वेळ नाही.

पेडल काय सांगतं ते ओळखा. कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड गेले. लिबलिबीत होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑईल उकळलं. कर्बवरून (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावरून) गेल्यावरच पहिला दाब खोल जातो आणि दुसऱ्याला ठीक होतं, तर चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे आणि डिस्क पॅडना मागे ढकलते.

ब्रेक ऑईल: डॉट ४ या दर्जाचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की १५५. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. रेसिंगचं ऑईल ३०० च्या वर जातं, पण पाणी त्यातही मुरतंच. अर्धी उरलेली बाटली पुढच्या रेसला ब्रेकमध्ये घालू नका. डॉट ५ हे सिलिकोनचं असतं, ५.१ चा भाऊ नव्हे. दोन्ही मिसळू नका. प्रत्येक रेसआधी चारही कॅलिपर ब्लीड (आतली हवा आणि जुनं ऑईल बाहेर), क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे.

पॅडचं मटेरियल मागच्या लोखंडी पट्टीइतकं पातळ झालं की बदला. अजून चालेल असं दिसतं, पण पातळ पॅड उष्णता सरळ पिस्टनकडे पोचवतो. हवेची नळी ७५ मिलिमीटरची, तिचं तोंड डिस्कच्या मधल्या पोकळीकडे. एकाच बाजूवर वारा मारला तर डिस्कला तडे.

जुनं_पिट

थोडं विषयांतर. 'स्वस्त क्लास महाग होतो' ही तक्रार नवी नाही. ब्रिटनमधला ७५० मोटर क्लब १९३९ चा, ऑस्टिन ७ सारख्या साध्या गाड्यांवर उभा राहिलेला. नंतर फोक्सवॅगनच्या १२०० सीसी इंजिनावरची फॉर्म्युला वी आली. त्यात भाग जवळपास सगळे बीटलचे, तरी लोकांनी इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) नळ्यांवर अख्खी विद्या उभी केली. १९६७ मध्ये ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्ड सुरू झाली, फोर्डचं केंट इंजिन, पंख नाहीत. पुढे फॉर्म्युला वनचे जगज्जेते झालेले निकी लाउडा आणि केके रोसबर्ग वीमधून गेले, आयर्टन सेना १९८१ मध्ये फॉर्म्युला फोर्डमध्ये होता.

नियम एक दार बंद करतात, पैसा शेजारच्या खिडकीतून आत येतो. सगळ्यांना एकच टायर दिला की पैसा शॉकमध्ये जातो, शॉक बांधून दिले की सरावाच्या दिवसांत. म्हणून नियमपुस्तक हा गाडीचाच एक सुटा भाग समजून वाचा. किमान वजन चालकासह आहे का? रेस संपल्यावर मोजतात की आधी? गाडी हलकी करून नंतर शिशाने भरायला परवानगी असेल तर ते शिसं खाली आणि मागे बसवता येतं. नुसती २५ किलो जास्त असलेली गाडी म्हणजे अडीच टक्के ताकद घरी ठेवून येणं.

काळं_तेल

आता इंजिन. आत हात न लावता जे हरवलंय ते परत मिळवता येतं.

सपाट काँक्रीटवर गाडी न्यूट्रलमध्ये, वजनकाटा लावून दोरीने सावकाश ओढा. हजार किलोच्या गाडीला १५ किलोच्या आसपास ओढ पुरते. २० च्या पुढे काटा गेला तर कुठेतरी ब्रेक घासतोय, बेअरिंग जड आहे किंवा टो चुकलाय. बहुतेक वेळा कॅलिपरच्या गाइड पिना सुकलेल्या असतात. तापमान सोसणारं सिलिकोन ग्रीस लावा.

लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते बघा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. हवेची फुसफुस ऑईलच्या झाकणातून येत असेल तर रिंगा, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा ओढतोय का बघा. नियमात बसत असेल तर पुढून गार हवेची नळी.

पण या इंजिनांचा खरा शत्रू लांबलचक वळण. १ जीच्या आसपास सगळं ऑईल संपच्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याच्या) एका भिंतीला चढतं, पिकअप (तेल ओढणारी नळी) हवा ओढतं, दाब दोन सेकंद पडतो. डॅशबोर्डवरचा दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं काम झालेलं असतं. दाबाचा सेन्सर लॉगरला जोडा. नियमात बसत असेल तर संपमध्ये झडपांचे अडथळे घाला. अर्धा लिटर जास्त भरणं चालतं, त्याच्या वर क्रँक तेल घुसळून फेस करते.

प्रत्येक रेसनंतर ऑईल फिल्टर कापा. कटरने, हॅक्सॉने नाही, नाहीतर करवतीचाच कीस सापडतो आणि नको ती धडधड. कागदाच्या घड्या सुट्या करा, चिंध्यांमध्ये गुंडाळून व्हाइसमध्ये दाबा, तेल निथळलं की उन्हात उलगडा. थोडी चमचमती धूळ नेहमीच असते. नखाने उचलता येईल असा कपचा दिसला तर चुंबक धरा. चिकटला तर पोलाद. चिकटत नाही आणि तांबूस किंवा मऊ करडा आहे, तर बेअरिंग. आता संप उघडलात तर बेअरिंगच्या संचावर भागेल, नाहीतर अख्खं इंजिन.

बाहेरची_लाइन

पावसाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि कमी बजेटवाल्याचा खरा दिवस तोच. मागचा बार सुटा करा, मागचा टो-आउट काढून थोडा टो-इन द्या, शॉक मऊ. खाच असलेल्या टायरला दोन-तीन पीएसआय जास्त, म्हणजे खाचा उघड्या राहतात आणि पाण्यावर तरंगायला जास्त वेग लागतो. रोजची लाइन सोडा. तिच्यावर घासलेलं रबर ओलं झालं की साबण. वळणाच्या बाहेरून, खरखरीत डांबरावरून फिरा.

शून्य_टो

माहितीचा पाऊसच पडला. वाचनखूण साठवली आहे. शेवटचा प्रश्न: सरावाला एकच दिवस आहे, वीस-वीस मिनिटांची पाच सत्रं. क्रम काय?

ठिपक्यांची_रांग

कॉर्नर वेट, कॅम्बर, टो, ब्लीडिंग हे सगळं आदल्या दिवशी. सर्किटवर पहिलं सत्र फक्त हवा आणि तापमानासाठी. त्यानंतर प्रत्येक बदल अ-ब-अ पद्धतीने: आधीचा सेटअप, बदललेला, परत आधीचा. म्हणजे उरलेल्या चार सत्रांत एकच बदल धड तपासून होईल. परत मागे जायचा कंटाळा करतात लोक, पण दिवसभर रबर बसून सर्किट आपोआप वेगवान होत असतं आणि श्रेय नव्या स्प्रिंगला मिळतं. दुसऱ्या 'अ'लाही वेळ सुधारलेलीच आली, तर स्प्रिंगने काही केलेलं नाही.

काळं_तेल

पाचव्या सत्रानंतर गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी ऑईल गरम असतानाच सोडा, फिल्टर तिथेच कापा. आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने परत बघा. प्रत्येक सत्रानंतर बघायचेच, पण ट्रेलरवरून उतरल्यावर तर नक्की.

कुलूपकिल्ली

नायट्रोजनच्या पैशात सुईचा पायरोमीटर येतोय. धन्यवाद, गरम_रबर.